एका दिवसाचा फ्लेक्स

आमच्या जिल्ह्यात फ्लेक्स कोणी फेकत नाही. वाढदिवसाचा असो, श्रद्धांजलीचा असो की पुढाऱ्याच्या स्वागताचा, चौकातून खाली उतरला की तो कामाला लागतो. धानाच्या ढिगावर टाकतात, गोठ्याच्या गळक्या कोपऱ्यावर बांधतात. मी एका घरी न्हाणीला लावलेला पाहिला आहे. आत बाई आंघोळ करत होती आणि बाहेरून एक उमेदवार हात जोडून उभा होता. यात आम्हाला हसण्यासारखं काही वाटत नाही. जाड, पाणी न शोषणारं, फुकटचं कापड आहे, कोण फेकेल? मीही कधी फेकलं नाही. पुढे जे झालं ते माझ्या हातून झालं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे वाचताना दुसरा कोणी दोषी शोधत बसायला नको.

मी तेव्हा गोंदियाजवळच्या फुलचूरला एका संस्थेच्या केंद्रात काम करत होते. भाड्याचं घर, दोन खोल्या, अंगणात टिनाचं शेड. शाळा सुटलेली, घरातून पळालेली, नशेला लागलेली, कोणीतरी नेलेली आणि परत आणलेली पोरं-पोरी आमच्याकडे येत. कागदावर या कामाचं नाव होतं ‘जोखमीतील युवकांचा सामाजिक विकास व समावेशन’. माझी आई विचारायची, “म्हंजे तू दिवसभर करतं काय?” मी म्हणायचे, “लोकांनी ज्यांना ओळीतून बाहेर काढलं, त्यांना परत ओळीत उभं करते.” आईला ते पटायचं. मलाही बोलायला बरं वाटायचं.

ती केंद्रात आली तेव्हा सतरा वर्षांची होती. तिरोड्याकडचं गाव, अंगणातून वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात असं. आईबाप ठेक्याने धानाची शेती करायचे. आईच्या माहेरगावची एक बाई घरी येऊन-जाऊन असायची, तिने चांगलं स्थळ आहे म्हणून परराज्यात नेऊन तिचं लग्न लावून दिलं. लग्न कसलं, ती विकली गेली होती, आणि हे घरच्यांना कळायला फार दिवस लागले. दहा महिन्यांनी पोलिसांनी तिला परत आणलं. तिथे काय झालं ते तिने मला एकदाच सांगितलं, अंगणात लाखोळीची भाजी निवडता निवडता, एका दमात. भाजी निवडून झाली आणि तिचं सांगणंही संपलं. त्यातलं मी इथे एक अक्षर लिहिणार नाही.

परत आल्यावर गावाने तिला काही म्हटलं नाही. कोणी शिवी दिली नाही, कोणी दार लावलं नाही. फक्त रोवणीला गेली तर ओळीत तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया हातभर सरकून उभ्या राहत. सगळ्या जणी वाकून धान रोवतात, ओळ मागे मागे सरकते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मात्र पट्टा रिकामा. मालक बांधावरून ओरडायचा, “काऊन वं, इथं इरळ काऊन पडून राहिलं?” तिच्यावरच ओरडायचा. ती मुकाट्याने दोन्हीकडचे पट्टे एकटी रोवायची आणि मागे पडायची. एक हंगाम तिने असा काढला आणि मग आईनेच तिला आमच्याकडे आणून सोडलं. “हिले काही शिकवा, नाहीतं ही आटून जाईन,” एवढंच म्हणाली.

शिवणकामात तिचा हात बसला. पहिले दोन महिने ती खाली मान घालून नुसत्या सरळ शिलाया मारायची. एकदा तिने कुणाच्या तरी ब्लाउजचा मागचा गळा वाकडा कापला. मी चिडले. माझा राग असा की भांडं आदळल्यासारखा आवाज होतो आणि मग मलाच वाईट वाटतं. मी म्हटलं, “बाई, दुसऱ्याचं कापड आहे, तुझ्या बापाचं नाही.” संध्याकाळपर्यंत बसून तिने त्या चुकलेल्या कापाला वळण दिलं, कडेने वेगळ्या रंगाची पायपिंग फिरवली आणि खाली एक कापडी बटण लावलं. पाठीवर मोरपीस ठेवल्यासारखा गळा झाला. ज्या बाईचा ब्लाउज होता तिने तो घालून सगळ्या मोहल्ल्याला दाखवला. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. हसली म्हणजे ओठ दाबून, नाकाने.

एकोणिसाव्या वर्षी तिला आम्ही मशीन मिळवून दिली. बसायचं कुठे हा प्रश्न होता. गावात तिला नको होतं, गोंदियात मला नको होतं. शेवटी कोहमाऱ्याला चौकात एका सेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर जागा मिळाली. चार दिशांच्या गाड्या थांबणारी जागा, ढाबे, ट्रका, कोणी कोणाचं नाही. दोन घरं पलीकडे एका म्हाताऱ्या बाईकडे खोलीही मिळाली. मला ती जागा मुलीसाठी धोक्याची वाटायची. तिला उलट वाटायचं. म्हणाली, “ताई, इथं मले कोनी ओळखत नाही. हे भल्लं चांगलं हाय.”

आणि खरंच तिचं बस्तान बसलं. आजूबाजूच्या गावांतल्या बाया बाजाराला आल्या की तिच्याकडे कापड टाकून जायच्या. मोरपिसाचा गळा सगळ्यांनाच पाहिजे. मी महिन्यातून एकदा जायचे, तेही बसने, संस्थेची जीप मुद्दाम न नेता, गिऱ्हाईक असल्यासारखी. ओट्यावर बायांची दाटी असायची, तीत ती मधोमध बसलेली. कोणी तिच्या मांडीवर लेकरू ठेवून दुकानात कापड बघायला जायची. त्या बाया तिच्यापासून सरकत नव्हत्या. आमच्या त्या लांबलचक नावाच्या कामातून काय व्हायला पाहिजे ते मला विचाराल तर एवढंच, की कोणी तिच्याकडे वळून पाहू नये. ते तिथे झालं होतं.

मग आमच्या संस्थेचा वार्षिक कार्यक्रम आला. मदत देणारी माणसं मुंबईहून येणार, अधिकारी येणार, सभागृह ठरलेलं. आमच्या या धंद्यात कार्यक्रम म्हटला की ‘यशोगाथा’ लागते. एक मुलगा किंवा मुलगी निवडायची, आधी कशी होती, मग आम्ही आलो, आता कशी आहे. बाकीची पोरं कुठे निसटली ते त्यात येत नाही. वरून निरोप आला, या वेळी मुलीची पाहिजे, आणि मोठा फ्लेक्स पाहिजे. माझ्या डोक्यात दुसरं नाव आलंच नाही.

आमचे नियम पक्के होते आणि त्यांचा मला अभिमान होता. नाव बदलायचं. गाव सांगायचं नाही. चेहरा दाखवायचा नाही. लेखी संमती घ्यायची. मी चारही पाळले. कोहमाऱ्याला गेले, तिला म्हटलं, पाठमोरा फोटो घेते, तू मशीनवर बसलेली. ती रोज कुर्ता घालायची. मीच म्हटलं, “साडी नेस ना, फोटो खुलेल.” ती खोलीवर जाऊन साडी नेसून, स्वतः शिवलेला ब्लाउज घालून आली. मी माझ्या मोबाइलवर फोटो काढला. पाठ, मान, खांद्यावर उतरलेली वेणी, मशीनवर वाकलेले हात. चेहऱ्याचा कणही नाही. एवढा सुंदर फोटो मी आयुष्यात काढला नव्हता, हे आजही म्हणते आणि म्हणताना लाज वाटते.

फॉर्म पुढे केला. तिने पेन हातात घेतलं, सही केली नाही. विचारलं, “ताई, हे कुठं लागन?”

“गोंदियाला. सभागृहात.”

“किती दिवस?”

“एक दिवस. एकच दिवस. मग निघालं.”

“एकच ना?”

“अगं हो, बाई.”

“तुमी म्हनता तं करते,” ती म्हणाली आणि सही केली. नाही म्हणायची सोय त्या फॉर्मवर होती, खाली बारीक अक्षरात. पण जिने आपल्याला गावातून आणलं, मशीनवर बसवलं, ती समोर पेन धरून उभी असताना नाही कोण म्हणेल? हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण मला फ्लेक्स पाहिजे होता.

मजकूर मीच लिहिला. वर मोठ्या अक्षरात ‘विकली गेलेली ती आज स्वतःच्या पायावर’. खाली तिरोडा तालुक्यातलं गाव न म्हणता ‘धानपट्ट्यातलं एक खेडं’, कोहमारा न म्हणता ‘महामार्गावरचा एक चौक’. कार्यक्रमात पाहुणे फ्लेक्ससमोर उभे राहून वाचत होते. एक मॅडम म्हणाल्या, मुलीला स्टेजवर बोलवा ना, सत्कार करू. मी सरळ सांगितलं, ती येणार नाही, ती काही देखाव्याची वस्तू नाही. वरिष्ठांनी डोळे वटारले. मी त्या दिवशी घरी गेले ती स्वतःवर खूश होऊन.

संध्याकाळी सभागृह रिकामं करताना आमच्या ड्रायव्हरभाऊने फ्लेक्स उतरवला, हाताने चाचपून पाहिला आणि घडी घालता घालता म्हणाला, “मॅडम, हा नेऊ का? माल चांगला हाय.”

दरवर्षी तो नेतो. दरवर्षी मी हो म्हणते. त्याचं धान कापणीला आलं होतं, अवकाळीचं काही सांगता येत नाही. मी खुर्च्या मोजत होते. मान वर न करता म्हटलं, “न्या भाऊ. वाया कायले घालवाचा?”

तिला दिलेला शब्द मला त्या क्षणी आठवलासुद्धा नाही. माझ्या लेखी फ्लेक्स भिंतीवरून उतरला, म्हणजे दिवस संपला.

दिवाळी झाली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दिवसा बाजार आणि नंतर नाटक. सगळ्या बायांना नवे ब्लाउज त्याच आठवड्यात पाहिजे असतात. तिचा वर्षातला सगळ्यात गर्दीचा काळ. मी मुद्दाम फोन केला नाही, कामात असेल म्हणून. मीही माझं एक कापड तिच्याकडे टाकून ठेवलं होतं, मोरपिसाचाच गळा सांगितला होता.

तिचाच फोन आला, एका सकाळी. एवढंच म्हणाली, “ताई, तुमी येऊन जा.”

“काय झालं?”

“तुमचा फ्लेक्स इथं हाय.”

मला आधी समजलंच नाही. ड्रायव्हरभाऊला विचारलं तर तो सहज म्हणाला, “हो ना. माह्या धानाले ताडपत्री भेटली, मंग दिवाळीत साळ्याले देऊन टाकला. त्याची कोहमाऱ्याले चहाची टपरी हाय, थंडीची हवा लागते म्हनला.” त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. तो माणूस बारा वर्षं माझ्यासोबत गाडी चालवत होता, त्या पोरीलाही मशीनसकट त्यानेच भाड्याच्या टेम्पोतून तिथे सोडलं होतं. फ्लेक्सवर काय छापलंय ते त्याने कधी वाचलंच नव्हतं. आम्ही कोणीच फ्लेक्स वाचत नाही, आम्ही त्याची जाडी बघतो. मी म्हटलं, “गाडी काढा.”

संस्थेची जीप. दोन्ही दारांवर संस्थेचं नाव, मागे संस्थेचं नाव. आजवर ती गाडी मी त्या चौकात उभी केली नव्हती, आणि त्या दिवशी ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

टपरी सेठच्या दुकानासमोरच होती, रस्त्यापलीकडे. फ्लेक्स टपरीच्या उत्तरेकडच्या बाजूला ताणून बांधला होता. बाहेरून पांढरा दिसत होता. मला क्षणभर हायसं वाटलं. जवळ जाऊन आत वाकले तर छापलेली बाजू आत. चार बाकडी, त्यांवर चहा पिणारी माणसं, आणि त्यांच्या तोंडासमोर हातभरावर तिची पाठ, तिची वेणी, तो मोरपिसाचा गळा, आणि वर माझं वाक्य. नंतर कळलं की पहिले तीन-चार दिवस छापा बाहेरच होता. तिने टपरीवाल्याला हात जोडून सांगितलं, उलटा करा. त्याने बिचाऱ्याने केला. तेव्हापासून लोक बसून, निवांत वाचायला लागले.

चेहरा नव्हता. नाव नव्हतं. गाव नव्हतं. पण ज्या बायांनी ते वाचलं त्यांच्यातल्या निम्म्यांच्या अंगावर तोच गळा होता. त्यांना चेहरा लागणार होता का? समोर ओट्यावर ती तश्शीच पाठ करून मशीनवर बसलेली असायची. मी शिकलेली बाई, चार नियम पाळणारी. मी तिचा चेहरा झाकला आणि तिची ओळख उघड्यावर टांगली.

मग मी जे केलं ते माझ्या रागाने केलं. टपरीत शिरले आणि दोऱ्या ओढायला लागले. गाठी पक्क्या. टपरीवाला म्हणाला, “काऊन मॅडम, काय झालं? हवा लागते ना.” मी ओरडले, “हा आमचा आहे! कोणाला विचारून लावला?” बाकड्यांवरची माणसं उठली. ढाब्यावरचे दोघं येऊन उभे राहिले. मी फाडायला गेले तर फ्लेक्स फाटेना. जाड होता, भाऊ म्हणाला तसा, माल चांगला होता. मी तशीच रस्ता ओलांडून ओट्यावर गेले आणि तिला म्हटलं, “कात्री दे.”

तिने कात्री मांडीखाली सरकवली. म्हणाली, “कपड्याची हाय, ताई. पिलाष्टिक कापलं तं धार जाते.”

शेवटी ड्रायव्हरभाऊने विळ्याने दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्सची घडी करून जीपमध्ये टाकला. तोपर्यंत चौकातलं निम्मं माणूस जमलं होतं. ते एकदा जीपवरचं नाव वाचत, एकदा माझ्याकडे बघत, आणि मग ओट्याकडे. मला वाटत होतं मी तिची लाज राखली. घाम पुसत तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, “झालं बाई. काढला.”

ती काजं करत होती. सुई थांबली नाही. “कालपर्यंत त्या इचारून राहिल्या होत्या, ताई,” ती म्हणाली. “तूच का ते, म्हनून. मी म्हनो, नाही, ते दुसरी कोनी असन, असा गळा आता सारेच शिवतात. काही बायांले पटून राहिलं होतं.” तिने दोरा दाताने तोडला. “आता कोनी इचारनार नाही.”

मी उठले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

गिऱ्हाईक तुटेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच, गिऱ्हाईक वाढलं. ज्यांना काही शिवायचं नव्हतं त्याही यायच्या. जुना ब्लाउज उसवायला आणायच्या आणि बसून राहायच्या. ‘किती दिवस होती वं तिकडं?’ ‘लेकरू-गिकरू?’ ‘मारत होता का?’ कोणी वाईट नव्हतं त्यांच्यात. एकीने तर रडून तिला जवळ घेतलं, सगळ्यांसमोर. पण मांडीवर लेकरू मात्र कोणी ठेवेना. टपरीवरची माणसं आता इकडे तोंड करून बसायची. सेठने मला फोन केला, चांगल्या शब्दांत. “मैडम, लड़की अच्छी है, हाथ में सफ़ाई है. पर मेरे घर में भी बेटियाँ हैं. आप समझ रही हैं ना?” मी फोनवर त्याच्याशी भांडले. माणुसकी काढली, कायदा काढला. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “फ्लेक्स मैंने थोड़े ही छपवाया था.”

मंडईचे दिवस सरले आणि ती एका दुपारी केंद्रात आली. सामानाच्या ऑटोत मशीन, सोबत तिची आई. मशीन दोघींनी उचलून शेडमध्ये ठेवली. मशीन पुसलेली होती, तेल घातलेलं होतं. आई बाहेर पायरीवर बसली, आत आलीच नाही.

“मी जाऊन राहिली, ताई,” ती म्हणाली. दक्षिणेकडे कुठेतरी सुताच्या कारखान्यात काम आहे, चार पोरी जात आहेत, एक बाई घेऊन जाणार आहे.

आमच्या केंद्रात दर महिन्याला आम्ही हेच शिकवतो. बाहेरगावी कामाला नेणाऱ्याला तीन गोष्टी विचारायच्या: कंपनीचं नाव, राहण्याचा पत्ता, त्याचा स्वतःचा फोन नंबर. भिंतीवर चित्रं लावली आहेत. नव्या पोरींना ती चित्रं समजावून सांगायचं काम दोन वर्षं हिनेच केलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं.

मी विचारलं, “कंपनीचं नाव?”

“माईत नाही.”

“पत्ता? बाईचा नंबर?”

“नाही घेतला.”

“नाही घेतला म्हणजे? तू शिकवायची ना गं बाकीच्यांना?” माझा आवाज चढला होता. “का नाही विचारलं?”

ती भिंतीवरच्या चित्रांकडे बघत होती. मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, “तिनं पन मले काही नाही इचारलं, ताई.”

मी फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं. नागपूरला दुसरी सोय करते म्हटलं, दुसऱ्या संस्थेत सांगते म्हटलं. संस्था म्हटल्यावर तिने मान हलवली. एकोणीस वर्षांची सज्ञान मुलगी, तिला धरून ठेवायचा हक्क मला नव्हता. त्या बाईबद्दल मी पोलिसांत जाऊन सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. ज्या बाईचं नाव-गाव मला ठाऊक नाही तिच्याबद्दल काय लिहून घेणार?

निघताना तिने पिशवीतून कागदात बांधलेला माझा ब्लाउज काढला. म्हणाली, “तुमचा राहिला होता.” मी उलगडला. मागचा गळा साधा गोल. पायपिंग नाही, बटण नाही, दुकानात मिळतो तसा.

“मी मोरपिसाचा सांगितला होता ना?”

“आता नाही शिवत मी तसा.”

“काऊन?” मी तिच्याच बोलीत विचारलं.

“ओळखू येते,” ती म्हणाली. आणि आईला घेऊन गेली.

दोन महिने तिचा फोन लागायचा, ती उचलायची, हो-नाही म्हणायची. मग लागायचा बंद झाला. तिची आई बाजाराच्या दिवशी केंद्रात येते. दारातूनच विचारते, “आला का फोन?” मी नाही म्हणते. ती थोडा वेळ पायरीवर बसते, पाणी पिते आणि तिरोड्याची गाडी धरते. मला तिने आजवर एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

फ्लेक्स माझ्या कपाटात आहे. जाळावा तर घाणेरडा धूर होतो, कापायचा धीर होत नाही, आणि फेकला तर कोणी ना कोणी उचलून नेणार, माझ्या जिल्ह्याला मी ओळखते. संस्थेच्या त्या वर्षीच्या अहवालात तिचा पाठमोरा फोटो आहे आणि खाली ‘स्वयंरोजगार’ असं लिहिलं आहे. ते खोडा म्हणून मी सांगितलं, पण अहवाल छापून झाला होता.

ब्लाउज मी वर्षभर घातला नाही. परवा एका लग्नाला जाताना घातला. साधा आहे, पण बसतो असा की हात वर केला तरी कुठे ओढत नाही. बसमध्ये शेजारची बाई कितीतरी वेळ माझ्या खांद्याच्या शिलाईकडे बघत होती. शेवटी तिने विचारलंच, “भल्ला साजरा बसला व बाई. कोनं शिवला?”

नाव ओठावर आलं होतं. मी म्हटलं, “आठवत नाही.”